बहुजनहिताय, पण चावी कुणाच्या हातात?

श्रीपूरमध्ये साखर कारखान्याचा भोंगा आणि आकाशवाणी या दोन गोष्टींवर घड्याळ लावणारी एक पिढी अजून जिवंत आहे. आमच्या विहारात रोज सकाळी येणारे एक आजोबा त्याच पिढीतले. आयुष्यभर कारखान्यात राबले. शाळा चौथीपर्यंत. पण सातच्या सुमाराच्या प्रादेशिक बातम्या त्यांनी चाळीसेक वर्षे चुकवल्या नसतील. उसाचा दर, धरणाचे पाणी, दिल्लीतले राजकारण, यातले काहीही विचारा, आजोबांना आमच्या आधी ठाऊक असते. पेपर वाचता येत नाही म्हणून माणूस अडाणी राहतो, हा समज या एका माणसाने आमच्या डोळ्यांसमोर खोटा पाडला.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा रेडिओ बंद पडला. अकलूजपर्यंत जाऊन आलो, दुरुस्त करणारा मिळाला नाही. मग आम्ही तरुण पोरांनी शहाणपणा केला. त्यांच्या नातवाच्या जुन्या मोबाइलवर रेडिओच्या वाहिन्या ऐकवणारे एक खासगी ॲप टाकून दिले. आठवडाभर उत्तम चालले. एके दिवशी सकाळी आजोबा मोबाइल हातात घेऊन विहाराच्या पायरीवर बसले होते. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आले होते. ॲपला नवी आवृत्ती हवी होती आणि ती त्या जुन्या फोनवर चढत नव्हती.

"आकाशवाणी बंद पडली व्हय रं?" त्यांनी विचारले.

"नाही आजोबा, चालू आहे."

"चालू हाय तर मग मला का ऐकू येत न्हाई?"

समाजशास्त्रात एम.ए. करूनही या प्रश्नाचे सरळ उत्तर आम्हाला त्या वेळी देता आले नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे. मित्रांनो, विषय एका म्हाताऱ्या माणसाच्या करमणुकीचा नाही. जनतेच्या पैशाने चालणारा आवाज जनतेने कोणत्या दारातून ऐकायचा आणि त्या दाराची चावी कुणाकडे असावी, असा हा विषय आहे.

आधी तांत्रिक गोष्ट समजून घेऊ, कारण आपल्या चळवळीत तंत्रज्ञानाचा विषय निघाला की आपण तो 'इंजिनिअर पोरांचा' म्हणून बाजूला टाकतो. रेडिओचा प्रक्षेपक एकच लहर हवेत सोडतो. ती एकाने पकडली काय आणि लाखाने पकडली काय, प्रक्षेपकाचा खर्च तेवढाच. आणि कोण ऐकतो, हे त्या प्रक्षेपकाला कळत नाही. महारवाड्यात ऐकू जाते की वाड्यात, त्याला पत्ता नाही. इंटरनेटवरचा रेडिओ तसा नाही. तिथे प्रत्येक श्रोत्याला सर्व्हरकडे मागणी करावी लागते आणि सर्व्हर प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवतो. मागणी करताना तुमचा आयपी पत्ता जातो, म्हणजे तुम्ही साधारण कोणत्या देशात, कोणत्या भागात आहात ते कळते. फोन कोणता, किती वाजता सुरू केले, किती वेळ ऐकले, हेही कळते. आणि मागणी आली की ती नाकारताही येते. परदेशातली मागणी नाकारता येते. नोंदणी न केलेल्याची नाकारता येते. आमच्याच ॲपमधून ऐका, दुसऱ्याच्या नाही, असे म्हणता येते. काहीच न बोलता प्रक्षेपणाचा पत्ता बदलून टाकला तरी पुरते, जुना पत्ता धरून बसलेला श्रोता आपोआप बाहेर पडतो.

लहर नाकारता येत नव्हती. स्ट्रीम नाकारता येते. सगळा फरक इथे आहे.

कुणी म्हणेल, रेडिओसुद्धा पूर्वी कुठे मुक्त होता? बरोबर आहे. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याच्या राज्यात रेडिओ संच घरात ठेवायलाही परवाना लागायचा, टपाल कचेरीत जाऊन दरवर्षी फी भरावी लागायची. १९८०च्या दशकात ती पद्धत गेली. जुन्या माणसांच्या ट्रंकेत तिकिटे चिकटवलेली ती परवान्याची पुस्तिका अजून सापडते. म्हणजे ऐकण्यासाठी परवानगी घ्यायची पद्धत या देशात नवी नाही. ती संपून चार दशके झाली आणि आता लॉगिन, ओटीपी, अपडेट अशा नव्या कपड्यांत ती परत येऊ शकते, एवढाच आमचा इशारा आहे.

आता कायद्याकडे येऊ. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात निकाल दिला. भांडण क्रिकेट सामने दाखवण्यावरून होते, पण न्यायालयाने सांगितले ते फार मोठे आहे. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारचीही नाही आणि भांडवलदाराचीही नाही, तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे. हा मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत. होय, तेच सावंत साहेब, जे ३१ डिसेंबर २०१७च्या एल्गार परिषदेच्या निमंत्रकांपैकी एक होते. आपल्या पोरांना त्यांचे नाव एल्गारमुळे माहीत आहे, लहरींच्या निकालामुळे नाही. ते दोन्हींमुळे माहीत असायला हवे.

त्यानंतर १९९७ मध्ये प्रसार भारती प्रत्यक्षात आली. तिचा कायदा मात्र १९९०चा. तो कायदा आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? आम्हीही उशिरा वाचला. त्याच्या बाराव्या कलमात प्रसार भारतीची कर्तव्ये दिली आहेत. त्यात सामाजिक न्यायाला चालना देणे, शोषण, विषमता आणि अस्पृश्यतेसारख्या दुष्ट प्रथांशी मुकाबला करणे, दुर्बल घटकांचे कल्याण साधणे, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. कामगार वर्गाच्या हक्कांचे रक्षण आहे. ग्रामीण जनता, अल्पसंख्याक आणि आदिवासी यांच्या गरजा आहेत. खरी, मुक्त आणि निःपक्षपाती माहिती मिळण्याचा नागरिकाचा हक्क आहे. अस्पृश्यतेविरुद्ध लढणे हे ज्या संस्थेचे कायद्याने ठरवलेले काम आहे, त्या संस्थेला आपण आजवर फक्त जयंतीच्या कार्यक्रमाचे पत्र पाठवत आलो.

त्याच कायद्यात 'प्रसारण' म्हणजे काय याचीही व्याख्या आहे. अवकाशातून विद्युतचुंबकीय लहरींद्वारे किंवा तारांमधून, सर्वसामान्य जनतेने ग्रहण करावे म्हणून पाठवलेले ध्वनी, चिन्हे, चित्रे इत्यादी. लहरींद्वारे किंवा तारांमधून! १९९०च्या कायद्यात इंटरनेट नाही, हे खरे. पण मोबाइलवर येणारा आवाज शेवटी तारेतून आणि लहरीतूनच येतो, आणि तो सर्वसामान्य जनतेसाठीच असतो. मग ऑनलाइन प्रक्षेपण हेही प्रसारणच ठरते आणि बाराव्या कलमाची सगळी कर्तव्ये त्यालाही लागू होतात. ही जादा सोय आहे, मेहरबानी आहे, हवी तेव्हा काढून घेऊ, असे म्हणायची जागा उरत नाही. आमचा अर्थ न्यायालयात टिकेल की नाही ते वकील मित्रांनी सांगावे, पण हा मुद्दा कुणीतरी मांडायला तर हवा.

आकाशवाणीचे ब्रीद सगळ्यांना पाठ आहे, 'बहुजनहिताय बहुजनसुखाय'. ते तथागतांकडून आले आहे. सारनाथजवळ पहिले साठ भिक्खू तयार झाले तेव्हा बुद्धांनी त्यांना बहुजनांच्या हितासाठी चारिका करायला पाठवले. पाठवताना आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. प्रत्येकाने निराळ्या वाटेने जावे, दोघांनी मिळून एका वाटेला लागू नये. धम्म जास्तीत जास्त कानांपर्यंत जायचा तर वाटा जास्तीत जास्त असल्या पाहिजेत, इतका साधा विचार त्यामागे आहे. ब्रीद तिथून घ्यायचे आणि सगळ्या श्रोत्यांना एकाच ॲपच्या दरवाजातून आत घ्यायची स्वप्ने पाहायची, हे जुळत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजच्या घडीला आकाशवाणी याबाबतीत वाईट नाही. 'न्यूज ऑन एअर' या ॲपवर दोनशेहून अधिक वाहिन्या फुकट ऐकता येतात. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या पोरांना आपल्या भागातली वाहिनी ऐकता येते, ती त्यामुळेच. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने 'वेव्हज' नावाचे ओटीटी सुरू केले, त्यातही दूरदर्शनसोबत रेडिओ आहे. मग तक्रार काय?

तक्रार अशी की हे खुलेपण आज आहे, ते हक्क म्हणून लिहून दिलेले नाही. आणि खुलेपण हक्क नसेल तर काय होते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार?

महाडचे चवदार तळे आठवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पाण्याला हात मात्र लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या ओंजळीने. आणि पुढे काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला तो ठराव मागे घेतला. जे ठरावाने दिले होते ते ठरावाने काढून घेतले. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आला, तेव्हा कुठे तो प्रश्न मिटला. आम्ही पाण्याची आणि रेडिओची बरोबरी करत नाही. पाण्यासाठी रक्त सांडले आहे. पण दिलेले आणि मिळवलेले यातला फरक बाबासाहेबांनी आम्हाला त्या तळ्यावर शिकवला, आणि तो धडा फक्त तळ्यापुरता नव्हता.

ठराव कसा मागे घेतला जातो याचे ताजे उदाहरण पाहायचे तर लंडनला जावे लागेल. सार्वजनिक प्रसारणाचा विषय निघाला की सगळे जग बीबीसीकडे बोट दाखवते. बाबासाहेबांचा आवाज आपल्या पिढीने ऐकला तोही बहुतेक बीबीसीने १९५५ मध्ये घेतलेल्या मुलाखतीमुळे. त्या बीबीसीने २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या 'ट्यून-इन' या जगभरातले रेडिओ ऐकवणाऱ्या सेवेवरून आपल्या वाहिन्या काढून घेतल्या. कारण उघड सांगितले होते. कोण काय ऐकतो याची माहिती त्या सेवेकडून बीबीसीला हवी तशी मिळत नव्हती. मग श्रोत्यांना 'बीबीसी साउंड्स' या स्वतःच्या ॲपकडे वळवले. आणि २०२५ मध्ये तेच साउंड्स ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांसाठी बंद केले, त्यांना दुसऱ्या ॲपची वाट दाखवली. ब्रिटनचा माणूस परवाना फी भरतो, बाहेरचा भरत नाही, असा त्यांचा हिशेब आहे आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण पायऱ्या नीट बघा. आधी सगळीकडे ऐका. मग फक्त आमच्याकडे ऐका. मग आत कोण आणि बाहेर कोण ते आम्ही ठरवू. पहिल्या पायरीवर कुणालाच धोका दिसत नाही.

आपल्याकडे फी नाही. प्रसार भारती चालते ती मुख्यतः सरकारी तिजोरीवर, म्हणजे काडेपेटी विकत घेताना आजोबांनी भरलेल्या करावरही. त्यामुळे 'पैसे भरणारा आत' हा बीबीसीचा हिशेब इथे लावला तर या देशातला प्रत्येक माणूस आत आहे. दुबईत गवंडीकाम करणारा आमचा भाऊसुद्धा.

आता दुसरी बाजू. ऑनलाइनचे दार नवे म्हणून जुने दार बंद करायचे, हे काम गुपचूप चालू आहे. नागपूरहून रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी, १९८८ मध्ये सुरू झालेली, डिसेंबर २०१८च्या आदेशाने बंद झाली. दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२१-२२ मध्ये जवळजवळ सगळे मोडीत निघाले. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय झाला होता. आजोबांच्या पिढीचा जो सकाळचा आवाज, तोच. ओरड झाली, वर्तमानपत्रांनी आवाज उठवला, नेते मंडळींनी पत्रे लिहिली, आणि केंद्रीय मंत्र्यांनी निर्णय थांबवला. चांगले झाले. पण ओरडले कोण? पुणे ओरडले. माळशिरस, सांगोला, मंगळवेढा इथल्या खेड्यांत तो आवाज जास्त ऐकला जातो, तिथल्या श्रोत्याला कुणी विचारले नव्हते, आणि तोही बोलला नाही. आपणही बोललो नाही. आपल्या कुठल्या संघटनेने त्यावर एक ओळ काढल्याचे आम्हाला आठवत नाही. ही आमची स्वतःची चूक आहे, ती इथे लिहून ठेवतो.

सरकारचे उत्तर असते की एफएम वाढवतो आहोत. खरे आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसारणाच्या सुविधांसाठी २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्याच वर्षी २८ एप्रिलला ९१ नव्या एफएम प्रक्षेपकांचे उद्घाटन झाले. पण त्याच योजनेत सरकारनेच दिलेला आकडा बघा. एफएम तेव्हा ६८ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचत होते, योजना पूर्ण झाल्यावर ८० टक्क्यांपर्यंत पोचणार होते. म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे झाले तरी पाचातला एक माणूस एफएमच्या बाहेर. एफएमची लहर लांब जात नाही, डोंगर आडवा आला की थांबते. मध्यम लहर लांब जाते, म्हणून तर माणदेशाच्या माळावर शेळ्या राखणाऱ्यालाही पुणे ऐकू यायचे. तो जो बाहेरचा पाचवा माणूस आहे तो कोण असेल, कोणत्या वस्तीत राहत असेल, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

त्याला म्हणायचे, ॲपवर ऐक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. शहर आणि खेडे मिळून ३८. ते सर्वेक्षण कोरोनाच्या आधीपासूनचे आहे, आता आकडा वाढला असेल. पण घरात एकच मोबाइल असेल तर तो कुणाच्या खिशात असतो, हे आम्ही रोज वस्तीत फिरताना पाहतो. ऊसतोडीला आलेल्या बाईला फडात स्वयंपाक करताना रेडिओ ऐकता येतो, कारण सेलवर चालणारा डबा कोप्याला टांगलेला असतो. नवऱ्याचा मोबाइल तसा टांगलेला राहत नाही. खर्चाचेही बघा. ६४ केबीपीएसचे प्रक्षेपण तासाला सुमारे २९ एमबी खाते, म्हणजे डेटा फार जात नाही. अडचण ती नाही. रिचार्ज संपले की सगळे संपते, आणि महिन्याचे रिचार्ज दोनशे-तीनशेच्या घरात गेले आहे. रेडिओला दोन सेल बरेच दिवस पुरतात.

आणि इंटरनेट बंद झाले तर? हा प्रश्न आपल्याला विचारावाच लागतो. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आंदोलनाच्या काळात जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड जिल्ह्यांत काही तासांसाठी इंटरनेट बंद केले होते. असे बंदीचे आदेश कसे असावेत यावर सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी मर्यादा घालून दिल्या, तरी आदेश निघतच असतात. अफवा सर्वांत जोरात धावते तेव्हाच खरी बातमी देणाऱ्या ऑनलाइन वाहिनीचाही गळा आवळला जातो. त्या वेळी हवेतली लहर चालू राहते. आपल्या वस्त्यांवर दगड पडतात ते नेमक्या अशाच रात्री.

आमच्या एका मित्राने हे सगळे ऐकून आक्षेप घेतला. तो म्हणाला, गाण्यांच्या आणि सामन्यांच्या हक्कांचे काय? कंपन्यांना पैसे द्यावे लागतात, मग अटकाव येणारच. हा आक्षेप खोटा नाही. रेडिओवर गाणे वाजवायचा वैधानिक परवाना कॉपीराइट कायद्यात आहे, पण तो इंटरनेटवरच्या सेवेला लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात सांगितले. क्रिकेटचेही तसेच. खासगी वाहिनीने प्रसार भारतीला दिलेला सामन्याचा सिग्नल केबलवाल्यांना पुरवता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निकाल आहे. तेव्हा एखादे सिनेसंगीताचे तासभर प्रक्षेपण किंवा एखादा सामना ऑनलाइन अडवावा लागला तर आम्ही समजू शकतो. पण बातम्या कुणाच्या? शेतीचा कार्यक्रम कुणाचा? गावातल्या शाहिराने आकाशवाणीच्या स्टुडिओत येऊन गायलेली भीमगीते, धम्मावरची व्याख्याने, श्रुतिका? हे आकाशवाणीने स्वतः तयार केलेले आहे, आपल्या पैशाने. त्यावर कुणा कंपनीची मालकी नाही. सामन्याचे निमित्त करून सगळ्या दाराला कुलूप लावता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. दाराची चावी हातात असणारा कोण आत येऊन ऐकेल ते ठरवतो, तसाच आतून कोण बोलेल तेही ठरवतो. एका तारखेकडे बघा, ३ ऑक्टोबर. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेब ऑल इंडिया रेडिओवरून देशाशी बोलले. आपले जीवनाचे तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत आहे, आणि ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही तर आपले गुरू बुद्ध यांच्याकडून घेतले, असे त्यांनी सांगितले. बरोबर साठ वर्षांनी, ३ ऑक्टोबर २०१४ रोजी विजयादशमी होती. नागपुरात लाखो लोक दीक्षाभूमीवर आले होते. त्या दिवशी दूरदर्शनने संघाच्या सरसंघचालकांचे नागपुरातले भाषण थेट दाखवले आणि त्यावर देशभर वाद झाला. त्याच दिवशी आकाशवाणीवर पंतप्रधानांची 'मन की बात' सुरू झाली. बाराव्या कलमातले 'निःपक्षपाती' आणि 'अस्पृश्यतेशी मुकाबला' हे शब्द त्या दिवशी कोणत्या कपाटात होते, ते प्रसार भारतीने सांगावे.

आणि पर्याय तरी कुठे आहे? आमच्यापासून फार लांब नसलेल्या म्हसवडला माणदेशी तरंग हा सामुदायिक रेडिओ आहे. माणदेशातल्या बायका तिथे स्वतः बोलतात, फार चांगले काम आहे. पण सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावाव्या लागतात. खासगी एफएमलाही तोच नियम. म्हणजे रेडिओवरची बातमी या देशात अजून एकाच तोंडातून येते. मूकनायकची पैसे देऊन जाहिरातसुद्धा 'केसरी'ने छापली नव्हती, तेव्हा बाबासाहेब दुसरा छापखाना शोधू शकत होते. रेडिओच्या बातमीला दुसरा छापखाना नाही. एकच तोंड असेल तर ते निदान सगळ्यांच्या कानापर्यंत पोचले पाहिजे, आणि काय बोलले याची नोंद सगळ्यांना तपासता आली पाहिजे.

त्या नोंदीबद्दलही बोलले पाहिजे. आकाशवाणीच्या संग्रहात दशकानुदशकांचे ध्वनिमुद्रण आहे. त्यात आपल्या समाजाचे काय काय पडून आहे, याची यादी श्रोत्याला घरबसल्या बघता यायला हवी. १९५४चे ते भाषण आज आपण वाचतो ते बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांच्या सतराव्या खंडात. कानाने ऐकायचा प्रसंग वाचनावर भागवतो. ज्या समाजाच्या पूर्वजांच्या कानात शिसे ओतायची शिक्षा धर्मसूत्रांत लिहून ठेवली होती, त्या समाजाने ऐकण्याचा हक्क किरकोळ समजू नये.

मग आम्हाला हवे तरी काय? आकाशवाणीच्या प्रत्येक वाहिनीच्या ऑनलाइन प्रक्षेपणाचा एक कायमचा, जाहीर पत्ता हवा. तो कोणत्याही ॲपला, विहाराच्या किंवा वाचनालयाच्या कोणत्याही संकेतस्थळाला लावता आला पाहिजे. नाव, मोबाइल नंबर न देता ऐकता आले पाहिजे, कारण काल रात्री मी काय ऐकले याची वही सरकारकडे असायचे कारण नाही. जुन्या फोनवर, मंद नेटवर चालेल अशी हलकी आवृत्ती हवी. कोणताही प्रक्षेपक बंद करण्याआधी त्या टापूतल्या ग्रामसभांना आणि नगरपंचायतींना नोटीस हवी. आणि हे सगळे परिपत्रकात नको, परिपत्रक म्हणजे महाड नगरपालिकेचा ठराव. नियमात हवे.

तोवर एक साधे काम प्रत्येकाला करता येईल. आपल्या मोबाइलमध्ये एफएम रेडिओ आहे का ते बघा. पुष्कळ फोनमध्ये त्याचे यंत्र आत असते आणि कंपनीने ते बंद ठेवलेले असते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने ते बंद ठेवू नये असा सल्ला कंपन्यांना दिला, सल्लाच दिला, सक्ती नाही. ज्या फोनमध्ये आहे त्यात हेडफोनची वायर लावली की तीच अँटेना होते, ना डेटा लागतो ना लॉगिन. फोन घेताना दुकानदाराला हे विचारायला लागा. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे आपण विचारतोच की.

दुसरे काम कागदाचे आहे. प्रसार भारतीला माहितीचा अधिकार लागू आहे. आम्ही तीन प्रश्नांचा अर्ज तयार केला आहे. सोलापूर आणि पुणे केंद्रांचे कोणते प्रक्षेपक पुढच्या पाच वर्षांत बंद करायचे प्रस्तावित आहे? ऑनलाइन श्रोत्यांची कोणती माहिती साठवली जाते आणि किती काळ? ऑनलाइन प्रक्षेपण कुणाला, कधी आणि कोणत्या अधिकाराने नाकारता येते, याचा लेखी नियम कोणता? अर्जाची फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही, उत्तराची मुदत तीस दिवस.

आजोबांना पंढरपूरहून नवा रेडिओ आणून दिला आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्ज लिहायला बसणार आहोत. पहिला अर्ज आजोबांच्या नावाने जाईल. सही ते स्वतः करतात.

जय भीम!